भाड्याच्या घरातील पाहुणा

ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. आमच्या धर्मग्रामात या महिन्यात रोज सायंकाळी एकेका घरी मंडळी जमतात, जपमाळेची प्रार्थना होते, आणि चहा-चिवडा घेऊन लोक आपापल्या घरी परततात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी वारजे येथील एका सोसायटीच्या फाटकापाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा आमच्या आधी आलेली चौदा-पंधरा माणसे बाहेर रस्त्यावरच उभी होती. त्यांत दोन वृद्ध भगिनी होत्या. एका मुलाने पवित्र मरियेची मूर्ती नव्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. महामार्गावरील वाहनांचा आवाज इतका, की वॉचमन काय सांगत आहे हे कळण्यास आम्हांस थोडा वेळ लागला. त्याचे म्हणणे असे, की तीनशे दोन क्रमांकाच्या फ्लॅटच्या मालकांचा फोन आला आहे. त्यांच्या भाडेकरूकडे एका वेळी दोनच पाहुणे सोडायचे आहेत. "तुमच्यातले कोणी पण दोघं जा, साहेब. माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. स्वर अजिजीचा होता. त्याच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता.

पंधरांतून दोघांची निवड कशी करावी, हा प्रश्न आमच्या सेमिनरीच्या अभ्यासक्रमात नव्हता. शेवटी त्या घरची मंडळीच खाली उतरली. जवळच एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर मूर्ती ठेवली, आणि ट्रकच्या भोंग्यांत आम्ही पाचही रहस्ये पूर्ण केली. त्या घरची सून चिवड्याचा डबा रस्त्यावर उघडताना रडली. तिची सासू मात्र रडली नाही. ती राहात्याकडची म्हातारी, डोक्यावरचा पदर नीट करीत आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "फादर, मी काय चोरून राहतीय का हितं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या सायंकाळी आम्हांस देता आले नाही. पुढे शोध घेतला तेव्हा कळले, की कागदावर पाहिले तर ती खरोखरच चोरून राहत होती. आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून अंगठा आमचा होता.

वाचकांस हे कोडे वाटेल, म्हणून सारे सांगितले पाहिजे. घरमालक आमच्याच धर्मग्रामातील. सज्जन, देवभीरू, नोकरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीच्या पैशांतून वारज्यात दुसरा फ्लॅट घेतलेले. भाडेकरूही आमचेच. पती हिंजवडीला कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसवर चालक, पत्नी खाजगी रुग्णालयात परिचारिका, पदरी दोन मुले. दोघांची गाठ आम्हीच घालून दिली होती. परक्यापेक्षा आपला माणूस बरा, असे त्या वेळी आम्ही दोन्ही बाजूंना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. कराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन आमच्या कार्यालयातच आला. छायाचित्रे झाली, अंगठे झाले. एजंटला पुढच्या ठिकाणी कोथरूडला जायचे होते. पाने किती आहेत, हेदेखील आम्ही पाहिले नाही. अठरा हजार भाडे, साठ हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत, एवढेच मोठ्याने वाचले गेले. तिसऱ्या पानावर चौदावे कलम होते ते असे, की मालकाच्या लेखी परवानगीवाचून कोणताही पाहुणा दोन रात्रींपेक्षा अधिक राहणार नाही, आणि घरात दोनपेक्षा अधिक बाहेरच्या व्यक्ती एका वेळी जमणार नाहीत.

सहा महिने या कलमाची कोणालाही आठवण झाली नाही. मग गावाकडे म्हातारीला कर्करोगाचे निदान झाले. किरणोपचार सोमवार ते शुक्रवार रोज, असे सहा आठवडे. राहात्याहून रोज ये-जा शक्यच नव्हती, म्हणून मुलाने आईला पुण्यास आणले. मुलाच्या घरी आई आली यात परवानगी कोणाची आणि कशाला घ्यायची, हे त्याच्या मनातही आले नाही. आमच्याही मनात आले नसते. शेजारच्या कोणीतरी मालकांना कळविले, की तुमच्या फ्लॅटमध्ये एक बाई वाढली आहे.

येथे थोडे थांबून कायद्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत भाड्याने राहतात, आणि पुष्कळ जण स्वतःच मालक झाले आहेत. आम्ही सेमिनरीत ख्रिस्तसभेचा कायदा शिकलो. भाडेकराराचा शिकलो नाही. ती उणीव शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आमच्या एका धर्मग्रामस्थाने दोन रविवार खर्चून भरून काढली. पुढे जे नेमके आहे ते त्याचे, आणि जे मतप्रदर्शन आहे ते आमचे.

आपण सैलपणे ज्याला भाडेकरू म्हणतो तो पुण्यात आज बहुतेक वेळा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. तो परवानाधारक असतो. करारावरील 'लिव्ह अँड लायसन्स' हे शब्द तेच सांगतात. भाडेपट्टा आणि परवाना यांत फरक मोठा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्ट्याने घर घेणाऱ्याला त्या घरात हक्क निर्माण होतो, आणि तो भाडे देत व करार पाळत असेल तोवर त्याच्या उपभोगात व्यत्यय आणणार नाही, असे वचन मालकाने दिले आहे असे कायदाच गृहीत धरतो. परवाना ही गोष्ट निराळी. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात तिची व्याख्या आहे. जे केले असता एरवी बेकायदा ठरले असते, ते करण्याची मुभा म्हणजे परवाना. घरात हक्क नाही, राहण्याची मुभा आहे. आमचा वकील मित्र म्हणाला, "फादर, एकाला घर मिळतं, दुसऱ्याला घरात राहायला मिळतं."

ही परवान्याची पद्धत आपल्याकडे एवढी का रुजली, याचा इतिहास मालकांच्या भीतीचा आहे, आणि ती भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणे दुरापास्त झाले. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे, हा तो हेतू. पण वर्षे उलटली, भाडे जागच्या जागी राहिले, आणि वाड्यांचे मालक दुरुस्तीलाही महाग झाले. मालकांनी भाडेपट्टा टाळून परवान्याचा आडमार्ग शोधला. तेव्हा १९७३ साली सरकारने दुरुस्ती करून त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी घरात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू ठरविले. पुण्याच्या पेठांतून जुन्या मालकांकडे आजही या तारखेचा उल्लेख झाला, की चेहरे गंभीर होतात. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेले बरे, असे म्हणणारी एक पिढीच त्यातून निर्माण झाली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या २४ व्या कलमाने मालकाला दिलासा दिला. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली, की घर परत करावेच लागते. न केल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते.

हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचून घेतले. करारात लिहिलेले निर्णायक. म्हणजे आमचे ते तिसरे पान.

पाहुण्यांविषयी स्वतंत्र कलम या कायद्यात नाही. घरात कोणी यावे, किती दिवस राहावे, हे कायदेमंडळाने माणसांच्या समजुतीवर सोडले आहे; पूर्वी ती समजूत असे. म्हणून सारे करारावर येऊन ठेपते. करारात पाहुण्यांविषयी काहीच लिहिलेले नसेल, तर मालकाने मागाहून फोनवरून नियम काढला म्हणून तो कराराचा भाग होत नाही. आई, भाऊ, मित्र किंवा धर्मगुरू घरी येणे हा राहण्याचाच भाग आहे. पाहुणा हा पोटभाडेकरू नव्हे. पैसे घेऊन दुसऱ्याला जागा वापरावयास देणे वेगळे आणि आजारी आईला खाट देणे वेगळे. पहिल्याला मालकाच्या संमतीशिवाय कायद्याने मनाई आहे, दुसऱ्याला नाही. मात्र करारात अट लिहिली असेल आणि आपण अंगठा दिला असेल, तर ती अट मोडणे म्हणजे करार मोडणे होय. मग मालक नोटीस देऊ शकतो आणि करारातील तरतुदीप्रमाणे परवाना संपुष्टात आणू शकतो.

पण येथेही मर्यादा आहेत, आणि त्या मालकांनी ध्यानात घेतल्या पाहिजेत. घराची पाहणी करण्याचा मालकाला अधिकार आहे, परंतु २८ व्या कलमाप्रमाणे आगाऊ सूचना देऊन आणि योग्य वेळी. दुसरी किल्ली खिशात आहे म्हणून 'कोण कोण झोपले आहे' ते पाहण्यास रात्री दार उघडता येत नाही. मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. सामान जिन्यात काढून ठेवावयाचे नसते. मोबदला घेऊन दिलेला परवाना भोगून पूर्ण होण्याआधीच, दोष नसताना एखाद्याला बाहेर काढले, तर सुविधाधिकार कायद्यान्वये भरपाई मागता येते. आणि वॉचमन हा तर मालकाच्या करारातील पक्षकारच नव्हे. फाटकावर नोंदवहीत नाव लिहून घेणे किंवा फोनवरून घरच्यांना विचारणे हे सोसायटीचे काम. भाडेकरूने बोलाविलेल्या माणसाला मालकाच्या सांगण्यावरून परत पाठविणे हे नव्हे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. अकरा महिन्यांचा करार केला, की नोंदणी लागत नाही, असे आजही पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदविलेला असलाच पाहिजे, मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणी नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याविषयी घरात राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. शंभराच्या स्टँपवर घरगुती करार करून त्यात वीस अटी लिहिणाऱ्या मालकांनी याचा विचार करावा. आमच्या प्रकरणात दुर्दैवाने सारे रीतसर होते.

कोणी म्हणेल, की केंद्र सरकारचा नवा आदर्श भाडेकरू कायदा आहे ना? आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, आत येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी कळवावे, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही, आणि वारज्यातल्या फ्लॅटला १९९९ चाच कायदा लागतो.

हे सारे समजल्यावर आमचा धीर खचला, हे कबूल करतो. कायद्याचा आधार होता, पण तो सणासुदीच्या पाहुण्यासारखा, दूरचा. भाडेकरू न्यायालयात जाणार नव्हता. त्याची भीती साधी होती. साठ हजार मालकाकडे अडकलेले होते. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर होती. आईच्या उपचारांचे अद्याप तीन आठवडे बाकी होते. अनामत रक्कम ही घराच्या मोडतोडीची हमी असावी, असे म्हणतात. प्रत्यक्षात ती भाडेकरूच्या जिभेची हमी असते.

या शहराच्या आसपास घर न मिळण्याचा इतिहास लहान नाही. वारज्याच्या शेजारी कर्वेनगर आहे. त्याचे जुने नाव हिंगणे. गावाने वाळीत टाकलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली विधवांचा आश्रम शहराबाहेर तेथे एका झोपडीत नेला. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून एवढे शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीस गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालवून दिले. ही उदाहरणे आमच्या चौदाव्या कलमापुढे फार मोठी आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही लिहितो, कारण पाहुण्यांची संख्या मोजण्याच्या आड पुष्कळदा पाहुण्यांची जात, धर्म आणि ताटातले अन्न मोजले जाते, हे आमचे अनेक तरुण-तरुणी आम्हांस सांगत असतात. एका मुलीला घरमालकिणीने सांगितले, की मैत्रिणी आलेल्या चालतील, पण रविवारी आलेल्या चालणार नाहीत. रविवारी काय शिजते, हा खरा प्रश्न होता. आमच्या प्रकरणात तसे काही नव्हते. मालक आणि पाहुणे एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे होते. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा शेवट आम्ही विद्यार्थिदशेत रामवाडीच्या पेपल सेमिनरीत शिकलो होतो. संत पौल रोमला कैदी म्हणून पोहोचला, आणि शेवटच्या अध्यायात तो दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिल्याचे सांगितले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोणी 'भाड्याचे घर' असा करतात, कोणी 'स्वतःच्या खर्चाने' असा. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर एक पूर्ण तास घेतला होता, आणि आम्ही त्यातील बराचसा भाग झोपेत काढला. आता वयाच्या पन्नाशीनंतर त्याच वाक्याचा उत्तरार्ध आमच्या डोळ्यांपुढे येतो. त्या घरी जे जे येत त्या सर्वांचे तो स्वागत करी. त्याच्यावर पहारा होता. दाराशी रोमन शिपाई होता. कैदी असूनही त्याच्या घरी येणाऱ्यांची संख्या कोणी ठरवून दिली नव्हती.

हे मनात घेऊनच आम्ही मालकांच्या घरी गेलो. पत्नीने कोकम सरबत दिले. मालकांनी आम्हांला शांतपणे ऐकून घेतले आणि मग स्वतःची बाजू मांडली. ती येथे प्रामाणिकपणे देणे आम्हांस भाग आहे. त्यांचा आधीचा भाडेकरू चार जणांचे कुटुंब म्हणून आला. त्याचा मेहुणा आठ दिवसांसाठी आला आणि आठ महिने राहिला. मागाहून मेहुण्याचे दोन मित्र आले. पाण्याच्या टँकरचा खर्च वाढला म्हणून सोसायटीने बोल मालकांना लावला. ड्रेनेज तुंबले. घर सोडताना त्या माणसाने स्वयंपाकघराचा कट्टा फोडून ठेवला. "फादर, माझी पेन्शन नाही. या अठरा हजारांवर आमच्या दोघांची औषधं चालतात. आजींना मी हाकलत नाही. पण आज आजी, उद्या कोण?"

वारज्यात राहणाऱ्याला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. १९९७ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत आले, आणि नदी व महामार्ग यांच्या मधल्या जागेत इमारती उभ्या राहत गेल्या. एका बाजूला कर्वेनगरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला महामार्गाने हिंजवडीला जाणारे नोकरदार. दोघांनाही येथे जागा हवी असते, आणि तीन मुलांना दिलेल्या घरात सात मुले आढळल्याचे अनुभव खोटे नसतात. मालकाची ही भीती दूर करण्यासारखी आहे. राहणाऱ्यांची नावे करारात लिहावीत. पंधरा दिवसांहून अधिक राहणाऱ्या पाहुण्याची माहिती कळवावी, असे ठरवावे. परवानगी मागावी, असे नव्हे. कळविणे आणि परवानगी मागणे या दोन क्रियापदांतच माणसाची प्रतिष्ठा राहते किंवा जाते. पाण्याचा जादा खर्च भाडेकरूने द्यावा. हे सारे आम्ही मालकांना सांगितले. आई-वडील, सासू-सासरे आणि मुले यांना 'पाहुणा' या शब्दातून वगळावे, अशी पुरवणी करून द्या, असेही सुचविले.

त्यावर ते थोडे हसले. उठले, आतून एक फाईल घेऊन आले, आणि म्हणाले, "फादर, रागावू नका. हे चौदावं कलम मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. आपल्या आवारातल्या दोन खोल्यांचा करार आहे ना, त्यातून घेतलंय. मी पॅरिश कौन्सिलवर होतो तेव्हा त्याची प्रत माझ्याकडे आली होती. म्हटलं, चर्चचा कागद आहे, चांगलाच असणार."

आमच्या आवारात, जुन्या शाळेच्या मागे, दोन खोल्या आहेत. त्यांत एक शिक्षिका आपल्या मुलासह राहते. तिच्या करारावर दर अकरा महिन्यांनी आम्ही सही करतो. तो आमच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या कोणा धर्मगुरूच्या काळापासून चालत आलेला मसुदा आहे. आम्ही फाईल हातात घेतली. शब्दन् शब्द तोच होता. उलट आमच्या कागदात एक अट अधिक होती. रात्री आठनंतर कोणीही बाहेरची व्यक्ती खोलीत असू नये. मालकांनी ती तेवढी गाळली होती.

सरबत संपवून आम्ही उठलो. दारात मालक म्हणाले, की आजींचे उपचार पूर्ण होईपर्यंत त्या राहोत, मी काही बोलणार नाही. लिहून द्याल का, असे आम्ही विचारले. "लिहायचं कशाला, फादर? माझा शब्द आहे." आम्हांस त्यापुढे काही बोलता आले नाही; तेवढा नैतिक अधिकार आमच्याजवळ उरलाच नव्हता.

त्यांनी शब्द पाळला. म्हातारी सहा आठवडे राहिली. परंतु या काळात ती गॅलरीत आली नाही, जिन्यात कोणाशी बोलली नाही. मुलगा रुग्णालयात नेताना तिला मागच्या फाटकाने नेई. तसे कोणी सांगितले नव्हते, त्यांचे त्यांनीच ठरविले होते. आम्ही प्रभूभोजन घेऊन जात असू तेव्हा ती दार लावून घेण्याची खूण करी. एकदा आम्ही म्हटले, "आजी, आता मालकांची परवानगी आहे." ती म्हणाली, "हाय ना. पन परवानगीच हाय." नाताळापूर्वी ती गावी परतली. उपचार लागू पडले, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

अकरा महिने पुरे होताच त्या कुटुंबाने घर सोडले. रंगकामाचे पैसे वजा करून अनामत परत मिळाली. वजावटीविषयी दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत, आणि रविवारी मिस्सेच्या वेळी ते दोघे आता वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसतात. नवे घर शिवण्याच्या बाजूला आहे. करार करण्याआधी नवऱ्याने आमच्याकडे मसुदा पाठविला. या वेळी आम्ही चष्मा लावून सर्व पाने वाचली. एजंट दोनदा घड्याळाकडे पाहून खाकरला. पाहुण्यांविषयी एक ओळ होती. ती खोडण्यास नवे मालक, जे कोणी निवृत्त सैनिक आहेत, तत्काळ तयार झाले. कोणी विचारत नाही म्हणून ती ओळ राहते, असे ते म्हणाले. मग आम्ही अंगठा दिला.

आवारातील खोल्यांचा करार मात्र अद्याप तसाच आहे. तो बदलावयाचा तर वित्त समितीपुढे जावे लागते. विषयपत्रिकेवर तो सातवा विषय म्हणून तीन बैठकांपासून आहे, आणि तीनही बैठका चौथ्या विषयावर, म्हणजे सणाच्या मंडपाच्या ठेक्यावर, संपल्या. गेल्या आठवड्यात शिक्षिका कार्यालयात आली. तिचा धाकटा भाऊ परीक्षेसाठी पुण्यास येणार आहे, चार रात्री राहील. चालेल ना, असे तिने उभ्या उभ्या विचारले. चालेल, असे आम्ही म्हणालो. ती जाण्यास वळली, पुन्हा थांबली, आणि संकोचून म्हणाली, "फादर, एका कागदावर लिहून द्याल?"